ताईच्या डोक्याचा फोटो

माझ्या ताईला मिरगी यायची. आमच्या घरचा इलाज ठरलेला: नाकाशी चप्पल धरायची आणि आधी दार लावून घ्यायचं. आमच्या महाल वस्तीत घरांच्या भिंतीला भिंत लागलेली, कोणापासून काय लपतंय? पण लग्नाची पोरगी होती ना! गोळ्या तेवढ्या चालू होत्या, म्हणून बरं चाललं होतं.

पुढे धंतोलीत डोक्याचा फोटो काढायचं मशीन आलं. ताईचाही काढला. डॉक्टर म्हणाले, "फोटोत दोष दिसत नाही. पण गोळ्या सोडू नका." बाबांनी पहिलं तेवढं ऐकलं. "डोस्कं साफ आहे तं गोळ्या काहून खायच्या?" गोळ्या बंद. आणि त्या मेल्या फोटोचं कौतुक काय सांगू! मुलगी पाहायला पाहुणे आले, तर पोह्यांच्या आधी बाबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. "लोकं काहीबी बोलतात जी. मशीन खोटं बोलते काय?" मुलाच्या मामांनी चष्मा कपाळावर चढवून असा निरखला, जसं काही त्यांना कळतच होतं. लग्न ठरलं.

सासरी मिरगी परतली, ती पहिल्यापेक्षा जोरात. ताईनं गोळी मागितली की सासू म्हणे, "फोटो तं साफ आहे. कामाच्या येळेवर पडते, सोंगं करते निस्ते." शेवटी माहेरी आणून टाकली. बाबाही तेच म्हणाले. सख्खा बाप! जीभ चावली जाऊन रक्त यायचं, लुगडं ओलं व्हायचं, आणि हे म्हणे सोंग. करून दाखवा म्हणावं एकदा असं सोंग. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

बाबांपुढे कोणाचं चाललं नाही. ताई हळूहळू विसरायला लागली. स्टोव्हवरचं दूध विसरायची, बोलता बोलता शब्द हरवायचा. मला नोकरी लागली तशी मीच तिला पुन्हा धंतोलीत नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि बोट ठेवलं. इथे मेंदू आकसलाय, म्हणाले. इतकी वर्षं झटके येऊ दिले, त्याचंच हे असणार. गोळ्यांनी झटके आवरतील, पण गेलेलं परत येणार नाही.

मला रडू आवरेना. ताई मात्र हसली. कितीतरी वर्षांनी हसली. माझा हात दाबून म्हणाली, "दिसलं ना वं आता? चाल, बाबाले दाखवू. मी सोंग नव्हती करत."