रफिकची ओढणी

लडाखच्या पोस्टिंगवर आमच्या एमटी, म्हणजे गाड्यांच्या सेक्शनमध्ये बीड जिल्ह्याचे दोघेच होतो. मी हवालदार, आणि दिंद्रुडचा लान्स नायक रफिक, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याच्या घरी नळाच्या तोंडाला अम्मीची जुनी ओढणी बांधलेली असायची. तिचा अर्धा तुकडा त्यानं सोबत आणला होता. जेरीकॅनमधलं डिझेल त्या तुकड्यातून गाळल्याशिवाय हा पठ्ठ्या टाकीत ओतायचा नाही. चहा, पाणी, सगळंच गाळून. मी चिडवायचो, की उद्या सुभेदार साहेबांची ऑर्डरसुद्धा गाळून घेशील. तो हसून कामाला लागायचा.

जानेवारीत पुढच्या पोस्टवरून शिपाई थापाला खाली आणायचं होतं. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेलं. रफिक जेवायला गेला असताना घाईत कुणीतरी डिझेल न गाळताच टाकी भरली होती. मी सोबत होतो. थापाला घेऊन उतरताना घाटात इंजिन बंद पडलं. ऑक्सिजनचं शेवटचं सिलिंडर लावलेलं. मी रेडिओवर कळवलं. पलीकडून उत्तर आलं,

"रिकव्हरीची गाडी संध्याकाळपर्यंत. ओव्हर."

थापा संध्याकाळ पाहणार नव्हता, हे आम्हा दोघांना दिसत होतं.

रफिकनं फिल्टर उघडला. डिझेलमधलं पाणी गोठून आत बर्फ झाला होता.

"दादा, थर्मास द्या."

"चहा हाय त्यात."

"गरम हाय न्हवं? मग द्या."

सगळा चहा त्यानं फिल्टरच्या भांड्यावर बाहेरून ओतला आणि आतला बर्फ वितळवून काढला. टाकीचा भरवसा उरला नव्हता. इंजिनकडे जाणारा पाइप टाकीपासून सोडवून, त्याच्या तोंडाला ओढणी बांधून, त्यानं तो सोबतच्या डिझेलच्या जेरीकॅनमध्ये सोडला. हातमोजे काढून काम केल्यानं बोटांची सालं निघाली होती. मी कॅन मांडीवर धरून बसलो. गाडी सुरू झाली आणि थेट हॉस्पिटलपाशीच थांबली. थापा वाचला. असा ड्रायव्हर मला पुन्हा भेटला नाही.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या पेशंटला आणायला जाताना रफिकची गाडी हिमस्खलनात सापडली. त्याला दिंद्रुडला मीच घेऊन आलो. सामानात ती ओढणी होती, डिझेलनं काळी झालेली. धुऊन देऊ का, असं मी अम्मींना विचारलं.

"साबण लावू नको, बाबा. त्याचा वास हाय."

आता रिटायर झालोय, पण त्याच्या बरसीला न चुकता दिंद्रुडला जातो. नळाला दुसरा अर्धा तुकडा अजून आहे. यंदा थापा बायकोमुलाला घेऊन आला होता. अम्मींनी पेला धरला, पाणी गाळून घेतलं आणि आधी त्याच्या हातात दिलं.

"पी, बेटा," त्या म्हणाल्या. "तुला माझ्या रफिकनं आणलंय."