मास्तरांचा कापलेला कोपरा

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर तो मीठमसाला लावून सांगेल, आणि या प्रकाराला मीठमसाल्याची मुळीच गरज नाही. माझा मूर्खपणा मूळचाच चविष्ट आहे.

सप्तापुरात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझा इंग्रजीचा क्लास आहे, हे तुम्हाला ठाऊकच. बँकेच्या परीक्षा देणारी पोरं येतात. आमच्या गल्लीत दगड मारला तर तो कुठल्यातरी सरांनाच लागतो, इतके क्लास. म्हणून माझा नियम असा की टेस्टचा पेपर आणि उत्तरपत्रिका दोन्ही परत घ्यायच्या, पोरांना फक्त मार्क सांगायचे. नाहीतर सकाळचे माझे प्रश्न संध्याकाळी समोरच्या क्लासात!

तपासणी पुठ्ठ्याने. बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून पोरांनी भरलेले काळे गोल किती दिसतात ते मोजायचे, झालं. पुठ्ठा उलटा पडू नये म्हणून त्याचा एक कोपरा कात्रीने कापलेला. कापलेला कोपरा वर डावीकडे, माझ्या क्लासच्या नावावर ठेवायचा. इतकी वर्षं एकदाही चूक नाही, असं मी लोकांना न विचारताच सांगायचो.

तर या वर्षी क्लासला रेणुका आली. उणकलला राहते, नवरा गोकुळ रोडला लेथवर कामाला, एक लहान मुलगी. माहेर, सासर दोन्ही अळणावरकडच्या खेड्यांतलं. घरी शिलाई मशीन होतं, ब्लाउजची गिऱ्हाइकं होती, ती सगळी बंद करून ही बँकेच्या परीक्षेला बसलेली. सासू गावाहून येऊन नातीला सांभाळायची, म्हणून हिला क्लासला येता यायचं.

आणि पोरगी कशी? एकदा मी दोन स्वतंत्र वाक्यं जोडायचं शिकवत होतो. ‘बस आली नाही, मी चालत गेलो’ हे आपल्या मराठीत चालतं, इंग्रजीत मध्ये नुसता कॉमा टाकून चालत नाही, हे मी तिन्ही भाषांत घसा बसेपर्यंत सांगितलं. कानडी पोरांनाही कळेना, मराठी पोरांनाही कळेना. तेव्हा रेणुका हळूच म्हणाली, “सर, कॉमा म्हणजे टाचणी. दोन अख्खी कापडं टाचणीवर धरत नाहीत. टाचणी लावून वर ‘अँड’ नाहीतर ‘बट’चा टाका घालायचा. सेमीकोलन म्हणजे दुहेरी टाका, त्याला टाचणी लागत नाही.”

सगळ्या वर्गाला एका दमात समजलं. मला इतका अभिमान वाटला की दुपारच्या बॅचला मी हेच उदाहरण माझं म्हणून सांगितलं.

आता खरी गोष्ट. त्याच महिन्यात मी नव्या उत्तरपत्रिका छापल्या. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, “सर, वर मुलांचं नाव येऊ द्या, तुमच्या क्लासचं नाव खाली उजवीकडं मोठ्या अक्षरात टाकूया. उठून दिसतंय.” दिसलंही. वर-खाली जागा सारखीच सोडलेली, मधोमध गोल. फारच देखणी उत्तरपत्रिका झाली.

पहिली टेस्ट वाक्यं जोडण्याचीच, पंचवीस प्रश्न. तपासायला बसलो. कुणाला पाच, कुणाला सहा. रेणुकाला तीन! आणि बसवराजला अकरा. हा बसवराज मागच्या बाकावर भिंतीला डोकं लावून झोपायचा. त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून भिंतीवर आहे.

मी काय करावं? स्वतःवर शंका घ्यावी? छे. बसवराजला पुढे बोलावलं आणि म्हटलं, “सांग यांना, कसा विचार केलास.”

तो गोंधळून म्हणाला, “सुम्ने री, सर.” म्हणजे असंच. मी सोडतो होय? खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की वरून खाली नक्षीसारखे गोल भरत गेलो, मन सांगेल तसे. मी वर्गाकडे वळून म्हटलं, “बघा. याला म्हणतात भाषेचा कान.” चार पोरांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढचा आठवडाभर तेच प्रकरण पुन्हा शिकवलं. दुसरी टेस्ट घेतली. रेणुकाला दोन. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “रेणुका, उदाहरणं देणं सोपं असतं. पेपर चुकत नाही, माणसं चुकतात.” तिने वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून क्लासला आली नाही.

तीन दिवस वाट पाहिली. परीक्षा महिन्यावर आलेली. चौथ्या दिवशी पिशवीत तिच्या दोन्ही उत्तरपत्रिका आणि पुठ्ठे घेतले आणि स्कूटरवरून थेट उणकल गाठलं. मनात होतं की चुका समोर दाखवाव्यात, धीर द्यावा, जमलं तर गोड शब्दांत सांगावं की प्रत्येकाला इंग्रजी येतंच असं नाही. बघा माझं मोठं मन.

दार उघडंच होतं. आत जमिनीवर भलीमोठी कौदी पसरलेली. कौदी म्हणजे आमच्याकडची वाकळ, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. तिच्यावर बसून रेणुकाची सासू, इंदूअक्का, धावदोरा घालत होत्या. आणि कोपऱ्यात शिलाई मशीनवर रेणुका. मशीन झाकायला घातलेलं कापड पुन्हा निघालेलं.

“बसा की मास्तर,” इंदूअक्का म्हणाल्या. “कौदीवरच बसा, काय होत नाही. ही म्हणूलालीय, परीक्षा नको. मी म्हणालो, आठ महिने नात सांभाळली ती काय उगंच? खरं ऐकंना.”

रेणुका मान खाली घालून म्हणाली, “सर, मला वाटायचं माझं बरोबर येतंय. प्रत्येक वाक्य टाचणी-टाका करून बघितलं होतं. तरी दोन मार्क. म्हणजे मला कळतंय असं वाटतंय तेच चूक. मग कशाच्या भरवशावर बसू?”

मी पिशवीतून उत्तरपत्रिका काढली, पुठ्ठा काढला, कापलेला कोपरा माझ्या क्लासच्या नावावर नीट बसवला आणि दोघींसमोर धरला. “हे बघ. पंचवीस भोकं. काळी किती? दोन. आता मी तरी काय करू?”

इंदूअक्कांनी सुई कौदीत खोवली आणि वाकून बघितलं. “ह्यो कोपरा कापलाय कशाला?”

“उलटं ठेवायला नको म्हणून खूण. हा कोपरा नावावर ठेवायचा.”

“कुणाच्या नावावर?”

“नावावर म्हणजे... माझ्या क्लासच्या.”

“मला इंग्लिश येत नाही, मास्तर. खरं हिचं नाव वाचायला येतंय, तेवढं मी शिकलोय. हिचं नाव तर वर हाय. तुमचं खाली. मग खूण खाली कशी?” आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “मापाचा कागद कापडावर बसंना तर आधी कागद फिरवून बघायचा. मग कापडाला नावं ठेवायची.”

त्यांनी पुठ्ठा उचलला, फिरवला आणि परत ठेवला.

भोकांतून काळे गोल दिसायला लागले. एक, दोन, पाच, दहा. मी मोजत होतो आणि माझा आवाज बारीक बारीक होत चालला होता. पंचवीसपैकी चोवीस. दुसरी उत्तरपत्रिका काढली. पंचवीसपैकी पंचवीस.

रेणुका तोंडाला पदर लावून रडायला लागली. इंदूअक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मी कौदीवरचे तुकडे मोजत बसलो, कारण दुसरीकडे बघायला तोंड नव्हतं. काय माणसं असतात हो! शाळेची पायरी न चढलेल्या बाईने दोन मिनिटांत जे पाहिलं, ते मला दोन टेस्टमध्ये दिसलं नाही. माझं नाव जिथे छापलंय तीच वरची बाजू, असं मी धरून चाललो होतो.

“मग बोलली का नाहीस?” मी रेणुकाला विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना सर, पेपर चुकत नाही.”

“हं. मी माणसं चुकतात असंही म्हणालो होतो. तेवढं बरोबर होतं.”

मशीन पुन्हा कापडाने झाकून ती दुसऱ्या दिवशी क्लासला आली. मी वर्गासमोर उभं राहून सगळं कबूल केलं आणि टाचणी-टाक्याचं उदाहरण कुणाचं तेही सांगितलं. सगळ्यांचे मार्क वाढले, एकट्या बसवराजचे सोडून. तो अकरावरून चारवर आला. “सर,” तो म्हणाला, “माझ्यापुरता उलटा ठेवा की री.”

रेणुका परीक्षा पास झाली. आता ती बँकेत काउंटरवर बसते, आणि मी कधी चलन भरायला गेलो तर ते कुठल्या बाजूने धरलंय ते आधी बघते, मग घेते.

निकालानंतर ती आणि इंदूअक्का क्लासवर आल्या होत्या. तीच कौदी माझ्यासाठी पूर्ण करून आणलेली, एवढेसे बारीक टाके. मला भरून आलं. घडी उलगडली तर एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा ठसठशीत गोंडा.

“ती डोसक्याकडची बाजू, मास्तर,” इंदूअक्का म्हणाल्या. “तुमच्यासाठी मुद्दाम खूण केलीया.”

आणि आता तुम्ही हसणारच आहात तर हेही ऐका. पहिल्यांदा ती कौदी पांघरून झोपलो आणि सकाळी उठून बघतो, तर लाल गोंडा पायाशी.