गाळलेलं मंगलाष्टक

ही हकिगत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. बायकोला सांगितली ती अर्धीच, आणि तीही मला सोयीची तेवढी. आता दुकान बंद केलं आहे, आणि ज्यांच्या तोंडावर मी खोटं बोललो त्या बाई मागच्या वर्षी वारल्या. निदान जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

नारायण पेठेत माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. कॅसेटवरचं शूटिंग संगणकात घ्यायचं, कापाकापी करायची आणि शेवटी डीव्हीडी करून द्यायची. संगणक जुना. अख्खं लग्न एकदम तयार करायला लावलं की मध्येच बंद पडायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. म्हणून मी लग्नाचे तुकडे करायचो. सीमांतपूजनाची एक फाइल, मंगलाष्टकांच्या तीन-चार, मग सप्तपदी, पंगत, पाठवणी. प्रत्येक फाइल वेगळी तयार करून ठेवायची आणि शेवटी सगळ्या एकापुढे एक जोडून एकच मोठी फाइल करायची. तीच डीव्हीडीवर चढायची. जोड कुठे आहे ते बघणाऱ्याला कळू नये, यात माझा हात चांगला होता. पेठेतले दुसरे शूटिंगवालेसुद्धा अडलं की माझ्याकडे यायचे.

ते लग्न कोथरूडच्या एका कार्यालयात होतं. काम मुलाकडच्यांनी दिलेलं. मुलीला आईवडील नव्हते, आत्यांनी वाढवलेली. आत्याबाई शाळेत शिकवायच्या. ऐन तारुण्यात विधवा झाल्या होत्या. भाचीसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. घरच्या माणसांनी रचून म्हणायचं यात नवीन काही नाही, पण विधवा बाईनं बोहल्याजवळ उभं राहून म्हणावं हे मुलीकडच्याच काही वडीलधाऱ्यांना रुचलं नव्हतं. कॅमेरेवाल्यासमोर माणसं बिनदिक्कत बोलतात, त्यामुळे ती कुजबुज मी ऐकली होती. मुलीनं त्यांना सांगितलं होतं की आत्या म्हणणार नसेल तर मी अंतरपाटामागे उभीच राहत नाही.

आत्याबाई म्हणायला उभ्या राहिल्या आणि नेमकी माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पिशवीत दुसरा छोटा कॅमेरा होता, तो घाईघाईनं काढून तेवढं मंगलाष्टक त्याच्यावर घेतलं. त्यांचा आवाज थरथरत होता, पण सूर सुटला नाही. भाची वाचता वाचता झोपायची, तिच्या डोळ्यांवरचा चष्मा हळूच काढून ठेवावा लागायचा, आता ते काम जावयांनी करावं, असं काहीतरी त्यात होतं. लोक हसले आणि काहींनी डोळे पुसले. अक्षता टाकायचं भान राहिलं नाही कुणाला.

त्या छोट्या कॅमेऱ्यावर आवाजाची सेटिंग वेगळी होती, आणि फाइली जोडताना ते बाधलं. आत्याबाईंची फाइल मध्ये घातली की तिच्यापुढचा सगळा आवाज मागे पडायचा. सप्तपदीत गुरुजींचे ओठ आधी हलायचे आणि मंत्र नंतर ऐकू यायचा. दोष कुठे आहे ते शोधायला मी एकेक फाइल वगळून बाकीच्या जोडून पाहिल्या. आत्याबाईंची वगळली आणि सगळं जुळलं.

ती फाइल आवाज सुधारून पुन्हा तयार करायची होती. एका दुपारचं काम. पण त्या संध्याकाळी मुलाकडे जेवण होतं, दोन्हीकडची माणसं जमून डीव्हीडी बघणार होती, आणि मुलाचे वडील दुकानात येऊन बसले होते. मी जोड पुन्हा एकदा पाहिला. एक मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दिसतो, दुसरं सुरू होतं. मध्ये काही गेलंय असं वाटतसुद्धा नव्हतं. मला त्या जोडाचं कौतुकच वाटलं. डीव्हीडी देऊन टाकली. दोन-चार दिवसांतच संगणकातली फाइल पुसली गेली आणि कॅसेटवर दुसऱ्या कुणाचं लग्न चढलं. आमच्या धंद्यात तेव्हा सगळेच तसं करायचे.

काही दिवसांनी आत्याबाई दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डीव्हीडी छान झालीय," त्या म्हणाल्या. "मी सोडून सगळे आहेत."

मी नुसतं हसल्यासारखं केलं.

"माझी तक्रार नाही. फक्त एवढंच सांगा, मला काढायला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मला फक्त माझा कंटाळा कबूल करायचा होता. पण मग त्यांनी कॅसेट मागितली असती आणि कॅसेट राहिली नव्हती. पेठेत नाव असलेला माणूस मी. म्हणालो, "अहो बाई, आम्ही गिऱ्हाईक सांगेल तसं करतो."

"गिऱ्हाईक म्हणजे मुलाकडचे," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. "बरं. त्यांच्या घरचं कार्य, त्यांनी ठरवायचं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. आपण काय बोललो ते मला तेव्हाच कळलं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी खुर्चीतून उठलो नाही.

बऱ्याच वर्षांनी मुलाची आई तीच डीव्हीडी घेऊन आली. घरातला प्लेअर कधीच मोडीत गेला होता, पेनड्राइव्हवर घालून हवं होतं. ते होईपर्यंत बाई बोलत बसल्या. सुनेच्या आत्या लग्नानंतर एकदाच आल्या, डीव्हीडी बघायच्या त्या जेवणाला. मग नातवाच्या बारशालासुद्धा नाहीत. सून माहेरी जाऊन भेटते, पण त्या या घराची पायरी चढत नाहीत.

"आमचं काय चुकलं तेच कळलं नाही हो. मांडवात त्या मागे उभ्या होत्या. मीच हाताला धरून त्यांना पुढे आणलं, माइक दिला. आणि नेमकं तेच तुमच्या डीव्हीडीत नाही."

"तेव्हा कॅमेरा बंद पडला होता," मी म्हणालो.

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

त्यानंतर मात्र मला राहवेना. पत्ता काढून एका दुपारी आत्याबाईंच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं, काय काम काढलंत विचारलं. मी म्हटलं, सहज.

"पुण्यात दुपारी दोनला सहज कोणी येत नाही," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

चहा पिईपर्यंत मी पावसापाण्याचं बोललो, खडकवासला धरण भरलं का तेही बोललो. त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. वाट बघत होत्या, असं आता वाटतं. मी कप ठेवला आणि निघालो. पुन्हा येईन म्हटलं होतं. गेलो नाही. मग त्या गेल्याचं कळलं.

त्या दुपारी त्यांच्याकडे जाताना वाटेत जुळवलेली वाक्यं अशी होती: बाई, तुम्हाला कोणीही काढायला सांगितलं नव्हतं. मुलाकडच्या कुणी नाही, आणि तुम्ही विधवा म्हणून तर मुळीच नाही. तुमची फाइल जुळेना आणि ती नीट करायचे कष्ट मी घेतले नाहीत. मग तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमच्या विहीणबाईंनी तुम्हाला हाताला धरून पुढे आणलं होतं, आणि त्यांच्यावर मी आळ येऊ दिला. तुम्ही त्यांच्याकडे जा. मला क्षमा करा.