पाचटाचा धूर

काल गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना जळक्या पाचटाचा वास आला आणि शिरोळला सासरी गेले तो पहिला हिवाळा आठवला. मला दमा आहे हे माहेरच्यांनी लग्नात सांगितलं नव्हतं, आणि मीही दम्याचा पंप कपाटात साड्यांखाली दडवला होता. ऊस तुटून गेला की रानात उरलेला पाला, म्हणजे पाचट, पेटवतात. त्या दुपारी शेजारच्या रानातला धूर थेट आमच्या घरामागच्या परड्यात उतरला. धुतलेल्या भांड्यांवर काळी राख भुरभुरू लागली आणि माझा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी खोलीकडे पळाले, पण कपाटापर्यंत पोचायच्या आतच खाली बसले. मागोमाग सासूबाई आल्या. काही न विचारता त्यांनी साड्यांखाली हात घालून पंप काढला आणि माझ्या हातात दिला. मग खिडक्या लावल्या, जुनं लुगडं भिजवून दाराच्या फटीत कोंबलं आणि माझी पाठ चोळत बसल्या. श्वास जरा जाग्यावर आल्यावर मी रडतच विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?” “आठ दिवसांत. घड्या घालताना घावला,” त्या म्हणाल्या. “औंदा आपल्या रानात काडी लावायची न्हाय, म्हणून सांगितलंय मी समद्यास्नी. शेजारचा ऐकंना, त्याला काय करू?” आता मी आणि नवरा शिरोळ सोडून कळंब्याला राहतो, तरी आमच्या रानातलं पाचट त्या अजून कुणाला पेटवू देत नाहीत. दीर कुरकुरले, तर एवढंच म्हणतात, “सणाला येती की ती.”