कानाशी धरलेली शेंग

अनसूयाकाकी भुईमुगाची शेंग आधी कानाशी न्यायची. डोळे मिटून हलवायची. आतला दाणा खुळखुळला तर शेंग गोणीत, नाहीतर पुन्हा उन्हात. पोलादपूरजवळच्या त्या वाडीत मी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा हे बघून मला हसूच आलं.

"हसतेस काय गो? ओल हाय का नाय, ते आधी तिलाच इचारायचं," काकी म्हणाली.

मुलांच्या लाडवांसाठी शेंगा काकीच्याच शेतातल्या असायच्या. शेंगा फोडायच्या आदल्या दिवशी त्यांवर पाणी शिंपडायचं, ही वाडीतली जुनी पद्धत. टरफल मऊ पडतं, अंगठे सोलवटत नाहीत. काकीला मात्र ते अजिबात खपायचं नाही. ओल राहिली की बुरशी धरते आणि बुरशीचं विष भाजूनही जात नाही, हे तिने शेतीच्या शिबिरात ऐकलं होतं. शिबिरात बाकीच्या बायकाही होत्या, पण ऐकलं एकट्या काकीने.

एका वर्षी काकी तापाने पडली आणि शेंगा फोडायचं काम माझ्याकडे आलं. मी शहाणीने गुपचूप पाणी मारलं. दाणे पिशवीत बांधून माहेरच्या लग्नाला गेले, ती पाचव्या दिवशी परतले. काही दाण्यांवर हिरवट बुरशी होती. तेवढे निवडून टाकले, उरलेले खरपूस भाजले. लाडू वळायला बसणार, तोच काकी आली. तिने दाणे हुंगले.

"पाणी मारलंस?"

"वाईट होते ते काढलेत गं, काकी."

"दिसले ते काढलेस. नाय दिसले ते कसे काढशील? पोरांच्या तोंडात जायचंय ते!"

लाडू वळायला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, कोंबड्यांना तरी घाला. "कोंबड्यांनी माझं काय घोडं मारलंय?" म्हणत तिने तापाच्या अंगाने खड्डा खणून सगळे दाणे पुरले. वर्षभर राबून पिकवलेले होते ते. मला एका शब्दाने रागावली नाही. फक्त म्हणाली, "लाडू नायत, हे पोरांना तूच सांग." ती बारीकशी तोंडं मी आजही विसरलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकी एक शेंग कितीतरी वेळ हलवत बसली होती. मग तिने ती माझ्या कानाशी धरली.

"मला आता आयकू येत नाय गो. तू सांग."

शेंग वाजत नव्हती. काकी दमली होती, हो म्हणावंसं फार वाटलं. पण मी नकारार्थी मान हलवली. ती हसली आणि ढीग पुन्हा उन्हात पसरायला उठली.

पावसाळा सरता सरता काकी गेली. तेराव्यानंतर तिच्या मुलाने माळ्यावरची गोणी अंगणवाडीत आणून ठेवली. सगळा पावसाळा काढलेली गोणी. शेंगा फोडायला जमलेल्या बायका माझ्याकडे बघत थांबल्या. मी एक शेंग कानाशी नेली, डोळे मिटले.

वाजली. मग मात्र मला रडू आवरलं नाही.