थ्रॉटल बॉडीवरचा ठप्पा

मोटारसायकल चोरीचे गुन्हे मी इतके हाताळले की बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एक मात्र सुटा राहिला आहे. नावं कोणाचीच घेणार नाही. यातली बहुतेक माणसं अजून याच शहरात राहतात, आणि एक-दोघं सदरच्या बाजारात भेटली तर थांबून नमस्कारही करतात.

तेव्हा मी जबलपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या राज्यात त्याला टीआय म्हणतात. त्या वर्षी शहरातून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकली उचलल्या जात होत्या. कधी सदरमधून, कधी नेपियर टाउनच्या कोचिंग क्लासबाहेरून. महिन्या-दोन महिन्यांनी रेल्वे लाइनच्या झुडपात नुसता सांगाडा सापडायचा, इंजिन काढून घेतलेला. म्हणजे गाडी विकत नव्हते, सुटी करून पार्ट विकत होते. असा चोर धरायला कठीण, कारण रस्त्यावर फिरणारी चोरीची गाडीच उरत नाही. वरून रोज फोन येत होते आणि माझा पारा रोज चढत होता.

अशात एका शनिवारी सकाळी माझा एक जुना खबऱ्या आला. त्याचं स्वतःचं पार्टचं छोटं दुकान होतं. त्याने सांगितलं की संरक्षण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणारा एक टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, आपल्या दीडशे सीसीच्या गाडीवर बायकोला मागे बसवून मंडला रोडच्या चढावर मोठ्या गाड्यांना मागे टाकतो. आवाजही दीडशेचा नाही. मी खबऱ्याला चहा पाजला आणि जीप काढली.

टर्नर घरीच होता. वय पस्तिशीचं, मूळ वर्ध्याकडचं घराणं, दोन पिढ्या कारखान्यात. गाडी अंगणात जुन्या चादरीखाली होती आणि पाने-पेचकस वर्तमानपत्रावर मापाप्रमाणे ओळीने मांडलेले होते. मी वाकून पाहिलं. बाहेरचा सांगाडा दीडशेचा, पण इंजिन वेगळंच वाटत होतं. एका पार्टावर कंपनीचा नंबर होता. तो शोरूमला फोन करून सांगितला. त्यांच्या सर्व्हिसच्या नोंदीत तो सापडला. वॉरंटीत बदलून दिलेला पार्ट, आणि ज्या गाडीत बसवला होता ती सदरमधून चोरीला गेलेली. मला आणखी काय हवं होतं? दुपारी दोन वाजता मी त्याला ठाण्यात आणलं. निघण्यापूर्वी त्याने साबणाने दोनदा हात धुतले, एवढाच वेळ मागितला.

चौकशीत त्याने इंजिनाबद्दल मला शाळेतल्यासारखं शिकवलं. त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचा सिलिंडर आणि पिस्टन त्याने आपल्या इंजिनावर बसवला होता, म्हणून इंजिनाची क्षमता वाढली. मोठ्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल जास्त लागतं, म्हणून हवा आत घेणारी थ्रॉटल बॉडी आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टरही मोठ्या मॉडेलचा. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारा जो इलेक्ट्रॉनिक डबा असतो, तोही नव्याने जुळवून घेतलेला. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. हे पार्ट कोणाकडून घेतले, असं विचारलं की मात्र तो खाली बघायचा.

"इंजिनाचं काहीही विचारा साहेब," तो म्हणाला. "पण ज्यांनी दिलं त्यांचं नाव मी नाही घेणार."

"काहून?"

"त्यांच्या हाताखाली काम शिकलो."

यापुढे तो तोंडातून ब्र काढेना. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस सोपा असतो. त्याला बोलू द्यायचं, तासाभरात तो स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. गप्प बसणाऱ्याला पकडायला काही टोकच नसतं. माझा समज पक्का झाला की हा टोळीतला आहे आणि वरच्या माणसाला वाचवतो आहे. चोरीचा माल बाळगण्याचा गुन्हा मोठा नाही. नोटीस देऊन त्याला घरी पाठवता आलं असतं. पण रात्रभर बाकावर बसला की सकाळी बोलेल, असा माझा हिशेब होता, आणि अशा हिशेबात मी सहसा चुकत नसे.

संध्याकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. शिक्षिका होती, मंडला रोडवरच्या एका गावात. रडारड केली नाही. समोरच्या खुर्चीवर सरळ बसली. मी विचारलं की तुमच्या मिस्टरांना दीडशेची गाडी पुरत नव्हती का, एवढं इंजिन कशाला वाढवलं. मला वाटलं होतं, शौक म्हणून सांगेल.

"चढावर मले उतरावं लागत होतं साहेब," ती म्हणाली. "आमची गाडी जुनी, दोघांना घेऊन चढतच नव्हती. दोन वर्षं मी तो चढ रोज पायी चढून राहिली होती, डबा अन् वह्या घेऊन. लोकं गाडीवरून जाता जाता हसत होते. यांना ते पाहवत नव्हतं."

मग तिने खरी गोष्ट काढली. केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबन आपोआप लागू होतं. उद्या तुम्ही यांना कोर्टात उभं केलं आणि जेलमध्ये पाठवलं, तर सोमवारी दुपारी यांची नोकरी लटकली. पुढे निर्दोष सुटले तरी कारखान्यात चोर म्हणूनच फिरावं लागेल. मुलगी सहावीत आहे, क्वार्टर कारखान्याचं आहे. हे सगळं तिने हळू आवाजात, एकामागून एक सांगितलं. मी म्हटलं, मग त्यांना नाव सांगायला सांगा.

"मी सांगितलं. नाही ऐकत. चलो, तुम्हीच इंजिन उघडून पाहा एकदा. खालचं इंजिन आमचंच आहे, नंबर आमच्या कागदावरचाच आहे. चोराला वरचे चार पार्टच काहून लागले असते?"

प्रश्न बरोबर होता आणि तो मला आधी सुचला नव्हता, याचा मला राग आला. टर्नरचं सांगणं थाप समजून, चोरीचं अख्खं इंजिन बसवलेलं असेल असं धरून मी चाललो होतो.

रविवारी सकाळी ठाण्याच्या आवारात, दोन पंच साक्षीदारांसमोर, बाहेरून बोलावलेल्या मेकॅनिककडून इंजिन उघडून घेतलं. बाईंचं म्हणणं खरं निघालं. खालचा भाग आणि त्यावरचा नंबर त्यांच्या कागदपत्रांशी जुळला. मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी सोडवून उलटी केली तेव्हा तिच्या बुडाशी एक बारीक ठोकलेली खूण दिसली. त्रिकोण आणि त्यात एक टिंब. तांदळाच्या दाण्याएवढी. मेकॅनिक म्हणाला की ही खूण कंपनीची नाही, कोणीतरी हाताने पंच, म्हणजे खूण उठवायचा पोलादी ठसा, ठोकला आहे. इंजेक्टरच्या जोडावर तीच खूण. सिलिंडरच्या तळाला तीच.

आमचे हेड कॉन्स्टेबल शेजारी उभे होते. मालखाना, म्हणजे जप्त माल ठेवायची खोली, त्यांच्या ताब्यात होती. ते म्हणाले, "साहब, ये निशान तो अपने मालखाने में भी है."

तीन महिन्यांपूर्वी रेल्वे लाइनजवळ पार्टनी भरलेलं एक पोतं बेवारस सापडलं होतं. ते आम्ही काढलं. त्यातल्या तीन थ्रॉटल बॉडी उलट्या केल्या. तिन्हींवर त्रिकोण आणि टिंब. मग मी त्या पोत्याचा जप्ती पंचनामा मागवला. त्यात लिहिलं होतं, 'तळाशी घासल्याच्या खुणा.' खाली माझी सही होती. कोणीतरी लिहिलं, मी न पाहता सही केली, आणि चोराचा पत्ता तीन महिने माझ्याच मालखान्यात कुलूपबंद राहिला. दोन्ही साक्षीदार आणि मेकॅनिक समोर उभे होते. मला मान वर करवेना.

चोराने आपल्या मालावर खूण का ठोकावी, हे कारखान्याच्या शहरात राहून मला कळायला हवं होतं. इथल्या जुन्या कारागिराच्या हातून तपासून पास झालेला नग पंच ठोकल्याशिवाय पुढे जात नाही. प्रत्येकाचा पंच वेगळा. ती सवय निवृत्त झाल्यावरही हाताला राहते.

मी मालखान्यातली एक थ्रॉटल बॉडी घेतली आणि टर्नरसमोर टेबलावर उलटी ठेवली. त्याने ती हातात घेतली, खिडकीकडे धरली, अंगठा खुणेवरून फिरवला.

"ही माझ्या गाडीची नाही," तो म्हणाला.

"नाही. ही दुसऱ्या चोरीच्या गाडीची आहे. अशा अजून दोन आहेत."

त्याने ती टेबलावर परत ठेवली. मग म्हणाला, "उस्तादांनी मला सांगितलं होतं, एका मित्राची अपघातात मोडलेली गाडी होती. त्यांनी स्वतः माप घेऊन दिलं. कागद मागायला मला लाज वाटली, साहेब. ज्यांनी मायक्रोमीटर धरायला शिकवला त्यांना बिल कसं मागणार?" त्याचे डोळे भरून आले आणि त्याने उस्तादचं नाव आणि पत्ता सांगितला.

नऊच्या सुमारास आम्ही उस्तादच्या घरी पोहोचलो. साठी ओलांडलेला, कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, नाकावर चष्मा, घरामागच्या शेडमध्ये टेबलाशी काम करत बसलेला. खुणेचा पंच टेबलावरच होता. गाड्या चोरणारे दोघे वेगळे होते, ते त्याच दुपारी मिळाले. हा फक्त त्या सुट्या करून, तपासून, विकत होता. त्याने नाकारलं काहीच नाही. मी विचारलं की चोरीच्या मालावर स्वतःची खूण का ठोकत होता.

तो म्हणाला, "न तपासलेला माल मी कोणाला देत नाही." मग विचारलं की शागीर्दाला फसवताना काही वाटलं नाही का. त्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला.

अकरा वाजता मी टर्नरला सोडलं. तो आता आरोपी नव्हता, साक्षीदार होता. चोरीचे पार्ट पुरावा म्हणून जप्त झाले. नोंदीत नसलेला बदल इंजिनात केला म्हणून चलान मात्र मी फाडलं, कारण तो नियम आहे. जुना सिलिंडर त्याने तेल लावून, फडक्यात गुंडाळून जपून ठेवला होता, तो परत बसवायचा. बाईंना पुन्हा चढ पायी चढावा लागला असणार. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

त्याने एकच गोष्ट मागितली. कारखान्यात दाखवायला एक पत्र, की त्याला अटक झालेली नाही, चौकशीसाठी बोलावलं होतं आणि त्याने तपासात मदत केली. मी ते मुंशीला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, सांगितलं नाही, स्वतः लिहिलं. सही केली, शिक्का मारला, आणि त्याच्या हातात दिलं. दुसरा माणूस असता तर घडी घालून खिशात टाकून पळाला असता. हा उभ्या उभ्या, बोट ओळीखाली धरून वाचू लागला. बायको दाराशी ताटकळत होती.

"साहेब," तो म्हणाला, "गाडीच्या नंबरात एक आकडा चुकला."

चुकला होता. मी दुसरा कागद घेतला. लिहून झाल्यावर नंबर त्याच्या आर.सी. बुकाशी ताडून पाहिला, मग सही केली. त्याने पुन्हा सगळं वाचलं, मान हलवली, आणि तेव्हाच घडी घातली.

यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही पंचनाम्यावर मी माल समोर ठेवल्याशिवाय सही केली नाही. प्रत्येक नग उलटा करून बघायचो. हाताखालची माणसं वैतागायची, पाठीमागे नक्कल करायची, ते मला माहीत होतं. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही, ते आज इथे लिहितो आहे. तो टर्नर माझ्या ठाण्यातल्या बाकावर एकवीस तास बसला होता, आणि त्याला तिथे बसवलं होतं ते 'घासल्याच्या खुणा' या ओळीने, जिच्याखाली मी माल न पाहता सही केली होती.