रुसव्याचे दिवस

कौसाआत्या कांद्याची मान दाबून तो किती दिवस टिकेल ते सांगायच्या. न्हावऱ्याला माझ्या काकांची कांदा निवडायची शेड होती. चाळीस बायका ढिगाभोवती बसून निवडत आणि त्यांच्या मुकादम म्हणून आत्या त्यांच्यामधून फिरत. मधेच एक कांदा उचलायचा, पात कापलेल्या जागी अंगठा दाबायचा आणि म्हणायचं, "अकरा दिस." मान कोरडी तर दिवस जास्त, ओलसर तर कमी. त्या कधी चुकल्या नाहीत, आणि एकदा तरी चुकाव्यात अशी माझी फार इच्छा होती. मी शिरूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. शेजारी देशांनी व्यापारातले अडसर काढले की सगळ्यांचं कसं भलं होतं, हा माझा लाडका धडा. सुट्टीत शेडवर कागदपत्रं करायला गेलो की तो आत्यांनाही ऐकवायचो.

आमचा माल दौंडला मालगाडीत चढायचा आणि बांगलादेशात जायचा. तिकडचे व्यापारी रफिकभाई माल न बघता घेत. त्यांची अट एवढीच, की माल आत्यांनी पाहिलेला पाहिजे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं नव्हतं. आत्या फोन कानापासून वीतभर लांब धरून ओरडत, "रफिकभाई, ये माल चौदा दिन का हाय, बिनघोर घेव!" तिकडून ते "जी आपा, जी आपा" म्हणत.

अकरा दिवसांच्या आतला माल आत्या सरहद्दीकडे जाऊच देत नसत. "चार दिस वाटंचं, दोन गेटावरचं, आन् पाच रुसव्याचं," असा त्यांचा हिशोब. रुसवा कुणाचा, म्हणून मी एकदा विचारलं.

"कुणाचाबी. त्यांचा, न्हाईतर आपला. शेजारी म्हणल्यावर रुसणारच की."

हे त्यांना वडलांकडून आलेलं. वडील मेंढरं घेऊन भीमेकाठी फिरत. शेतकरी त्यांना बोलावून, खतासाठी रात्रभर मेंढ्या रानात बसवून घेत, धान्य देत, पोरांना ताक पाजत. एका साली चारा कमी पडला, तेव्हा त्याच बांधावर तोच माणूस काठी घेऊन उभा राहिला. "माझा बा म्हणायचा, त्याचं काय चुकलं न्हाई. आपुन चार दिसाचा चारा गाठीला ठिवला न्हाई, ते चुकलं."

"आता देशादेशांत करार असतात, आत्या," मी म्हणालो.

"करार लिव्हणारी माणसंच ना, परफेसर?" एवढं बोलून त्या पुढच्या ढिगाकडे गेल्या.

मग ते साल आलं. शहरात कांदा महागायला लागला, तशी निर्यात बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. रोज कुणीतरी नवीन बातमी आणी आणि शेडमधलं हसणं-बोलणं कमी कमी होत गेलं. बंदीच्या आत माल पलीकडे घालायचा म्हणून काकांनी घाईघाईत ओला कांदा उचलला. आत्यांनी चार ठिकाणी मान दाबली.

"सात दिस. ह्यो पुण्याला धाडा, शेठ."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सरहद्दीवरची कागदपत्रं आता चुटकीसरशी होतात, असं मी नुकतंच वाचलं होतं आणि त्यावर एक लेखही लिहिला होता. "आत्या, रुसव्याचे दिवस धरायचा काळ गेला," मी म्हणालो. आत्यांनी हात झटकले. "मग तूच धाड," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

संध्याकाळी रफिकभाईंचा फोन आला. "आपा ने देखा?" मी म्हणालो, "हां, देखा है. कहती हैं, अच्छा है."

गाडी चौथ्या दिवशी सरहद्दीला लागली. पाचव्या दिवशी आपल्याकडूनच बंदीचा हुकूम निघाला आणि गेट बंद झालं. अडकलेला माल दहाव्या दिवशी सोडला, तोवर डब्यांखालून काळं पाणी गळत होतं. अकरा दिवसांचा कांदा असता तर तरला असता.

रफिकभाईंचा फोन काकांनी आत्यांच्या हातात दिला. त्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझी मान खाली गेली.

"व्हय, भाई," त्या म्हणाल्या. "माल खराब निकला."

पलीकडचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. दरवर्षी तुमच्या गेटाकडे डोळे लावून बसणं आता जमणार नाही, आम्ही आमचाच कांदा लावतोय, असं ते सांगत होते. पण टिकत नाही. कसा सुकवायचा, आपा?

आत्या बारदानाच्या थप्पीवर बसल्या आणि सांगू लागल्या. पात एकदम मत काटो. रान में ही सुकने दो. बोटभर मान ठेवके काटो, फिर सावली में डालो. चाळीस बायकांचे हात थांबले होते. आपलं काम फोनवरून पलीकडे चाललंय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काका फोन ठेवायच्या खुणा करत होते. आत्यांनी फोनवर हात धरला. "त्याचा सडला, शेठ. एवढं तरी त्याला द्यायाच पायजे."

जाताना मला म्हणाल्या, "तुझं नाव म्या घेतलं न्हाई. तूच सांग त्याला. नाव माझं गेलंय."

पुढच्या हंगामात बंदी उठली, पण रफिकभाईंची मागणी आली नाही. शेडवरच्या बायका एकेक करून कंपनीच्या बसने कारेगावला कामाला जाऊ लागल्या. आत्या भेटल्या की विचारायच्या, "सांगितलंस का रं?" मी म्हणायचो, सांगतो. पुढे त्यांनी विचारायचं सोडलं. ते मला, त्या विचारत होत्या तेव्हापेक्षा, जास्त लागलं.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. मी रफिकभाईंना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "बहुत सच्ची औरत थी. बस, एक ही बार गलती हुई उनसे."

मी म्हणालो, "हां."